लग्न दहा आठवड्यांवर आलंय आणि चेहरा हा असा

पत्र थोडक्यात: ताई ४३ वर्षांच्या आहेत, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतात. रोज जाऊन-येऊन २२ किलोमीटर स्कूटीवर. बहिणीच्या मुलीचं लग्न दहा आठवड्यांवर आलंय. साखरपुड्याचे फोटो ग्रुपवर आले तेव्हा जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "किती काळवंडलीस गं, आणि अंगानंही सुटलीस." तेव्हापासून ताईंचं चित्त थाऱ्यावर नाही. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आहेत. मैत्रिणीनं सांगितलेली एक ट्यूब मेडिकलमधून आणून चार महिने रोज रात्री लावतायत. पहिल्या महिन्यात चेहरा लख्ख उजळला. आता दोन दिवस लावली नाही तर तोंडाची आग होते, उन्हात चुरचुरतं, हनुवटीवर लव वाढलीय. वजन ६८ किलो. रात्रीचं जेवण बंद, सकाळी लिंबू-मध-पाणी. मोबाइलवर बघून चाळीस मिनिटांचा उड्यांचा व्यायाम आठ दिवस केला, गुडघा दुखायला लागला, शिवाय "उड्या मारताना थोडी लघवी होते, म्हणून थांबले." आईची येवल्याची पैठणी नेसायची आहे, पण १९ वर्षांपूर्वीच्या ब्लाउजात आता दंडही जात नाही. दहावीतली मुलगी म्हणते, "आई, मलाही ती क्रीम लाव ना." त्यांचा प्रश्न असा: दहा आठवड्यांत माझ्या लग्नातल्या फोटोच्या निदान जवळपास तरी कशी दिसेन?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी माझी नजर ज्या ओळीवर अडकली ती तुम्ही मधेच, दुसरं काही सांगता सांगता लिहून टाकली आहे: लघवीची. वांगांवर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि यावर एकच ओळ. तिच्याकडे मी येणार आहे, नक्की येणार आहे. पण आधी ती ट्यूब, कारण तिला थांबायला वेळ नाही.

आज रात्री ती हातात घ्या, चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडची नावं; यांपैकी एखादं सापडतंय का? सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन? मी डॉक्टर नाही, आणि न बघता निदान करणं मला शोभणारही नाही. पण आधी लख्ख उजळणं, मग आग, उन्हात चुरचुर, नको तिथे लव, आणि दोन दिवस सोडली की चेहरा पेटणं, हे सगळं चेहऱ्यावर फार दिवस स्टेरॉइड लावल्यावर होतं. स्टेरॉइडनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रंग फिका पडतो, सूज उतरते. म्हणून सुरुवातीला वाटतं की काय जादूची क्रीम मिळाली. पुढे कातडी पातळ होते, केशवाहिन्या लाल रेघांसारख्या दिसायला लागतात, मुरुमं येतात. आणि तोवर कातडीला त्याची सवय लागलेली असते. हायड्रोक्विनोनही महिनोन्‌महिने, कुणाच्या देखरेखीशिवाय लावत राहिलं तर वांग जाण्याऐवजी निळसर-काळे डाग कायमचे बसू शकतात.

ही औषधं वाईट नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ वांगांसाठी स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही तिन्ही एकत्र असलेली ट्यूब काही आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात. वाईट झालं ते एवढंच, की औषध सौंदर्यप्रसाधनासारखं घरात आलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातली. तरी ती काउंटरवरून मागितली की मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. म्हणून स्वतःला दोष देऊ नका. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका याच वाटेनं गेल्या आहेत, कारण ट्यूब देणारी मैत्रीण प्रेमानं देते.

आता करायचं काय, तर या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. पुढच्या महिन्यात नाही, शाळेला सुट्टी लागल्यावर नाही. ट्यूब पर्समध्ये टाकून न्या, चार महिने रोज लावली हे स्पष्ट सांगा, लाजून "अधूनमधून" म्हणू नका. ती एकदम बंद करायची की हळूहळू, मधल्या काळात काय लावायचं, हे त्यांना ठरवू द्या. कारण सोडल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. तुमच्या हातात दहा आठवडे आहेत, त्यांचा खरा उपयोग हाच आहे. पाटीवर नुसतं "स्किन क्लिनिक" असून भागत नाही. नावापुढे त्वचारोगातली एमडी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी आहे का बघा. खर्चाची काळजी असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात चौकशी करा.

मुलीलाही सोबत न्या. या वयातल्या मुरुमांवर स्टेरॉइड लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग ती दुप्पट उसळतात. तिला "नको, मोठ्यांची आहे" असं सांगू नका. ते ऐकून तिला ती आणखीच हवीशी वाटेल. "मी चुकीची लावली, माझ्या तोंडाची आग होते, बघ," असं खरं ते दाखवा.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कपाटात ट्यूबऐवजी एखादी डबी असेल, जिच्यावर धड कंपनीचा पत्ता नाही की आत काय आहे त्याची यादी नाही, तर ती लावू नका. गोरं करणाऱ्या अशा डब्यांमध्ये पारा सापडलेला आहे. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधल्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये लघवीतून प्रथिनं जाण्याचा विकार नोंदवला आहे. पायावर, डोळ्यांखाली सूज येत असेल आणि लघवीला फेस येत असेल तर क्रीमचं नाव सांगून तपासणी करून घ्या.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न आलाच असेल: मग घरगुती काहीतरी लावू का? लिंबू, बेकिंग सोडा, टोमॅटो, टूथपेस्टसुद्धा? सध्या काहीही नाही. तुमची कातडी आत्ता पातळ झालेली असू शकते. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे आणि तो लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे पडतात. ब्लीच, व्हॅक्सिंग, स्क्रब, जोरजोरात मसाज करणारं फेशियल, सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. मी हे पोटतिडकीनं लिहितेय, कारण माझ्या भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी एका पार्लरमध्ये ब्लीच करून घेतलं होतं. पाच मिनिटांत गाल चुरचुरायला लागले. तिथली मुलगी म्हणाली, "असंच होतं मॅडम, थोडं सहन करा." मी सहन केलं. संध्याकाळी हळदीला माझे दोन्ही गाल सुजून तांबडेलाल झाले होते आणि आई ओल्या रुमालाच्या घड्या ठेवत बसली होती. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत मी शेवटच्या रांगेत आहे. मला लग्नासाठी चांगलं दिसायचं होतं, आणि सख्ख्या भावाच्या लग्नात मी तोंड लपवत फिरले.

वांगांचं म्हणाल तर खरं ते सांगते. दहा आठवड्यांत ते फिके होऊ शकतील, पण मुळासकट जातील असं कुणी कबूल करत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काही घराण्यांतच असतात, बाळंतपणात उमटतात, काही जणींना गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतात. आणि ऊन लागलं की परत येतात. तुम्ही रोज २२ किलोमीटर स्कूटीवर जाता, सकाळी जाताना आणि दुपारी येताना. रात्री लावलेलं कितीही महाग औषध तुमच्या त्या रस्त्यापुढे टिकणार नाही. त्यामुळे इलाजातला निम्मा भाग सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि शक्यतो हलक्या तपकिरी रंगाची घ्या. त्या रंगात लोहाचा ऑक्साइड असतो आणि तो अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतो, जो आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ कातडीत वांग वाढवतो. किती लावायची, तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा ओढायच्या, एवढी चेहऱ्याला आणि मानेला मिळून. बहुतेक जणी मटराएवढी लावतात आणि म्हणतात, उपयोग होत नाही. घरून निघायच्या वीस मिनिटं आधी एकदा, आणि शाळेतून निघण्याआधी पुन्हा एकदा. ही दुसरी वेळ सगळ्याच विसरतात. छोटी ट्यूब शाळेतल्या कपाटात ठेवा. आग होत असेल तर कोणती झेपेल तेही डॉक्टरांनाच विचारा. स्कार्फ बांधत असाल तर तो दाट विणीचा, गडद सुती घ्या. झिरझिरीत पांढऱ्या ओढणीतून ऊन आत येतंच. आणि टॉवेलनं चेहरा रगडू नका, टिपा.

आता त्या फोटोकडे येऊ, तुमच्या लग्नातल्या.

तुम्ही लिहिलंय की त्याच्या "निदान जवळपास तरी." त्या फोटोतली मुलगी चोवीस वर्षांची आहे. तिनं अजून मूल जन्माला घातलेलं नाही, पन्नास पोरांच्या वर्गासमोर घसा ताणून उभी राहिलेली नाही, ऑक्टोबरच्या उन्हात स्कूटी चालवलेली नाही. तिच्याशी तुमची तुलना कोण करतंय? जाऊबाईंनी तर केलीच नाही. त्या साखरपुड्याच्या फोटोबद्दल बोलत होत्या. तो फोटो मी बघितलेला नाही, पण तुम्ही सांगितलंत की वीस जणांत तुम्ही अगदी कडेला उभ्या होतात आणि वरून हॉलचे पांढरे दिवे होते. मोबाइलनं जवळून मोठा घोळका टिपताना कडेची माणसं आडवी ताणली जातात, हा भिंगाचा दोष आहे. डोक्यावरचा पांढरा दिवा प्रत्येकीच्या डोळ्यांखाली आणि ओठांवर सावली पाडतो, तिथेच वांग असतील तर ते दुप्पट दिसतात. लग्नात मधे उभ्या राहा, खिडकीकडे तोंड करून.

आणि "काळवंडलीस" या शब्दात एक गोष्ट गृहीत आहे, तीही जरा उचलून बघा. वांग हा त्वचेचा त्रास आहे, त्यावर उपचार करावेत. पण मूळ रंग सावळा असणं हा त्रास नाही, त्याला उपचार नाही आणि तो लागतही नाही. आपल्याकडे १९७५ पासून ज्या क्रीमनं घराघरांत गोरेपणा विकला, तिच्या कंपनीलाही २०२० मध्ये नावातला "फेअर" काढावा लागला. घरातल्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही, आणि तुमची दहावीतली मुलगी ते बोलणं ऐकते आहे. डॉक्टरांकडे जाताना "मला गोरं करा" असं म्हणू नका, "माझे डाग आणि आग कमी करा" असं म्हणा. मागणी बदलली की औषधही बदलतं.

लग्नाच्या दिवशी वांग झाकायचे असतील तर ते अगदी सोपं आहे. डागांवर आधी केशरी-पीच छटेचा करेक्टर बोटानं थोपटून बसवायचा, मग तुमच्याच रंगाचं फाउंडेशन. केशरी छटा तपकिरी-राखाडी रंग मारते. थेट फाउंडेशनचे थर चढवले तर चेहरा राखेसारखा दिसतो. फाउंडेशनचा रंग हातावर लावून बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर येऊन उजेडात बघा. पार्लरवाली दोन छटा उजळ लावायला गेली तर थांबवा, कारण पैठणीबाहेर तुमची मान आणि हातही दिसणार आहेत. पंधरा दिवस आधी एकदा सगळं लावून बघायचं. केसांना रंग लावणार असाल तर कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा, भले तोच ब्रँड वर्षानुवर्षं वापरत असाल. आणि टिकली रोज एकाच जागी लावून तिथली कातडी खाजते किंवा पांढरी पडतेय का, हेही बघा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानं तसं होतं, मग कुंकू किंवा पेन्सिल बरी.

जेवणाचं सांगते आणि हे जरा कडक सांगते. रात्रीचं जेवण आजपासून सुरू करा. अशी अचानक उपासमार केली की शरीर केसांची मुळं विश्रांतीला पाठवतं, आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात. म्हणजे मोजा: बरोबर लग्नाच्या सुमारास. शिवाय भुकेनं चरबीबरोबर स्नायूही झिजतात, जे या वयात तसेही कमी होत चाललेत. लिंबू-मध-पाणी आवडत असेल तर प्या, त्यानं चरबी वितळत नाही. आठवड्याला अर्धा किलो कमी होणं पुष्कळ झालं. दहा आठवड्यांत तीन-चार किलो उतरले तर उत्तम, नाही उतरले तरी बिघडत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला रोज साधारण ५६ ग्रॅम. डबा भरताना स्वतःच्या ताटात काय पडतं ते एक दिवस लिहून काढा. बहुतेक शिक्षिकांचं ते असं असतं: सकाळी चहा-खारी, दुपारी दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी, चार वाजता चहा. यात प्रथिनं जेमतेम. मटकीची नाहीतर मुगाची घट्ट उसळ, झुणका-भाकरी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, ताक, चालत असेल तर दोन अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात. आधी उसळ संपवायची, मग चपाती घ्यायची. आणि डॉक्टरांकडे जाताच आहात तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या. थकवा, केस गळणं, वजन वाढणं यांची मुळं तिथे निघतात. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, आणि आपण त्याला "वय झालं" म्हणतो.

आता ती ओळ. उड्या मारताना, शिंकताना, हसताना थोडी लघवी होणं बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतं. त्या व्यायाम सोडतात, लांबचा प्रवास टाळतात, लग्नात पाणी पीत नाहीत, आणि सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. तुम्ही मला सांगितलंत, याचं मला फार बरं वाटलं. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, ते सैल पडलेले असतात आणि ते पुन्हा घट्ट करता येतात. गॅस अडवताना आणि लघवी रोखताना जे आकसतं ते दोन्ही एकदम आत-वर ओढायचं, पाच मोजायचं, सोडायचं, सोडल्यावरही पाच मोजायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि पोट ताणायचं नाही. लघवी करताना धार अडवून हा सराव करू नका. कुणाला कळतही नाही, वर्गात पोरं गणित सोडवत असताना खुर्चीत बसल्या-बसल्या करता येतो. फरक दिसायला तीन महिने द्या. जळजळ असेल, खाली काही ओघळल्यासारखं वाटत असेल, किंवा तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. यातल्या फिजिओथेरपिस्टही असतात.

म्हणून उड्यांचा तो चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मिटवून टाका. तो तुमच्यासाठी केलेलाच नाही. पंधरा मिनिटं पुरेत, आठवड्यातून तीन दिवस, मांड्या, कंबर, पाठ आणि दंडांसाठी. खुर्चीवर हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून जोर, दहा वेळा. पाठीवर झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणं, ज्याला आपण सेतुबंधासन म्हणतो, दहा वेळा. दोन हातांत एक-एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन कोपरातून वर-खाली. थोडं थांबून हेच पुन्हा एकदा. दोन आठवड्यांनी पुस्तकांची पिशवी पोटाशी धरून उठा-बसा. गुडघा आत कट्‌कट वाजला तर चालेल, दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. उरलेल्या दिवशी चाला. शाळा सुटल्यावर मैदानाला फेऱ्या, आठवड्याची बेरीज १५० मिनिटांच्या पुढे जाईल असं बघा.

तुमच्या जिल्ह्यातल्या औंध संस्थानाच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून सुरू केले, आणि बायकांनीही घालावेत असा आग्रह धरला. त्या काळातल्या बायकांना जे जमलं ते आपल्यालाही जमेल, पण बाराच्या हट्टानं सुरू करू नका. तीन घाला, सावकाश, श्वासाबरोबर. पाठीचा किंवा मनगटाचा त्रास असेल तर आधी विचारून. सासूबाईंसमोर व्यायाम करायची लाज वाटते असं लिहिलंत. त्यांना एकदा मंगळागौरीतला पिंगा किंवा किसबाई किस दाखवायला सांगा. दम लागेपर्यंत बसणं-उठणं, घुमणं, टाळ्या, हे सगळं त्यांनी तुमच्याआधी केलंय. कदाचित त्याच खुर्ची धरून सोबत करतील. त्यांच्या गुडघ्यांना तर त्याची तुमच्याहून जास्त गरज आहे.

रोज साडी नेसता म्हणून एक विचारते. कमरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ आहे का? त्यावर कधी खाज, सालपट, जखम? २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची नोंद केली. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट आवळून नेसल्यानं झालेली न भरणारी जखम त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगापर्यंत गेली होती. असं क्वचित होतं, घाबरू नका. पण बारीक दोरीची नाडी काढून तिथे दोन बोटं रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक घाला, बांधायची जागा रोज थोडी वर-खाली करा, घरी आल्या आल्या सोडा. न भरणारी जखम असेल तर ती त्याच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. साडी नीट बसण्यासाठी कंबर आवळावी लागत नाही, परकर मापाचा असावा लागतो.

आणि पैठणी. तुम्ही लिहिलंत, "ब्लाउज बसेल एवढी तरी बारीक व्हायचंय." ताई, ब्लाउज तुमच्या मापानं व्हायला हवा. गेल्या वर्षी मी माझ्या आईच्या पैठणीचा ब्लाउज घेऊन आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे गेले होते. त्यांनी तो उलटा केला, काखेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "पूर्वीचे शिंपी शहाणे. दाब बघ किती सोडलाय." ब्लेडच्या टोकानं त्यांनी एकेक टाका उचलला. शिवण उघडली तशी आतून दीड इंचाची पट्टी निघाली, आणि तिचा रंग बाहेरच्या कापडाहून इतका गडद, इतका ताजा पोपटी होता की आम्ही दोघी बघतच राहिलो. आई नवी नवरी असतानाचा रंग होता तो. दोन्ही बाजूंनी तेवढं सुटलं आणि ब्लाउज झाला.

त्या पट्टीचा रंग वेगळा दिसतो, पण ती काखेखाली जाते, पदराआड. दाब कमी असेल तर काखेत कळी घालता येते, बाहीतही. तेही न जमलं तर जुना ब्लाउज आठवण म्हणून ठेवा आणि नवा शिवा: पैठणीच्या अंगाचा रंग शोधत बसू नका, तो कधी जुळत नाही, काठातला किंवा पदरावरच्या मोराचा एखादा रंग उचला, साध्या रेशमात किंवा खणात. माप देताना लग्नात घालणार तीच ब्रा घालून जा, आणि ती घेताना दुकानात मापून घ्या, कारण बहुतेक जणी वर्षानुवर्षं जुनाच नंबर मागतात. पहिल्या फिटिंगला दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा. लग्नात अक्षता टाकायच्या आहेत, ओटी भरायची आहे. साडी आत्ताच बाहेर काढा, सावलीत उलगडा, घडीवर रेशीम विरलंय का बघा, आणि उलट्या घडीनं मऊ मलमलच्या कापडात ठेवा. इस्त्री जरीवर थेट नको, अत्तर तर अजिबात नको.

जाऊबाईंना काय सांगायचं हेही तुम्ही विचारलंय. भांडू नका, सफाईही देऊ नका. पुन्हा बोलल्या तर सगळ्यांदेखतच, शांतपणे म्हणा, "वहिनी, माझ्या चेहऱ्यावर औषधोपचार चालू आहेत, त्यावर बोलू नका." एवढं वाक्य पुरे आहे. आणि एखाद्या दुपारी त्यांच्याशी एकट्यानं बोलायला बसा; कोण जाणे, तीच ट्यूब त्यांच्याही कपाटात असेल.

हे वाचून झालं की ब्लाउज उलटा करून काखेखालचा दाब बोटांनी मोजा. तो किती निघाला आणि डॉक्टरांनी काय सांगितलं, दोन्ही मला कळवा.